सातबाऱ्यावरचं नाव

उरण-पनवेलच्या खारपट्ट्यात जुनी माणसं सन सांगत नाहीत. ‘गोळीबाराच्या आदल्या वर्षी लगीन झालं’ असं सांगतात, आणि ऐकणाऱ्याला विचारावं लागतं, कुठला गोळीबार? आजाच्या पिढीचा गोळीबार चिरनेरचा. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगराजवळ जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ जण हुतात्मा झाले. बापाच्या आणि चुलत्यांच्या पिढीचा गोळीबार दास्तान फाट्याचा, १६ जानेवारी १९८४ चा. पहिला झाला तेव्हा जासई गावात दिनकर बाळू पाटील नावाचा मुलगा चार वर्षांचा होता. दुसरा झाला तेव्हा त्याला अठ्ठावन्न पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते, आणि सगळा मुलूख त्याच्या शब्दावर रस्त्यावर उतरला होता.

दि. बा. पाटलांची कारकीर्द पदांनी मोजायची तर यादी लांबते. शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे आमदार पाच वेळा: १९५७, १९६२, १९६७, १९७२ आणि पुन्हा १९८०. आजच्या रायगडातल्या कुलाबा मतदारसंघाचे खासदार दोनदा, १९७७ आणि १९८४. विधानसभेत विरोधी पक्षनेते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पुढे, सीमा सत्याग्रहात तुरुंगवास. स्मरणिकांमध्ये हे सगळं छापलेलं असतं. आमच्या ओटीवर मात्र त्यांची गोष्ट अशी सुरू होत नसे. ती सुरू व्हायची जमिनीपासून, आणि दिबा त्या गोष्टीत बऱ्याच उशिरा यायचे.

आधी जमीन. खारपट्ट्यातली जमीन देवाने दिलेली नाही, ती माणसांनी खाडीकडून घेतलेली आहे. भरतीचं पाणी येतं त्या चिखलात बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला उघाडी बंद करायची. काही पावसाळे मीठ धुऊन गेलं की मग कुठे भात धरायचं. बांधाला खांड पडली की रात्र असो, पाऊस असो, दवंडी पिटायची आणि घरटी एक माणूस निघायचा. आजा सांगायचा, त्याच्या तरुणपणी एकदा आवसेच्या उधाणाला खांड पडली. माणसं एकमेकांना खेटून चिखलात उभी राहिली, छातीने पाणी अडवलं आणि त्यांच्या पाठीमागे बायांनी ढेकळं रचली. दुसऱ्या दिवशी कुणाच्या अंगाला चिंबोऱ्यांनी किती ठिकाणी धरलं ते मोजत सगळे हसत बसले. त्या जमिनीवर पिकलेल्या भाताचा मोठा वाटा मात्र खोताच्या, सावकाराच्या घरी जायचा. कागदावर नाव त्याचं होतं.

हे बदलायला या किनाऱ्याने फार मोठी किंमत मोजली. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. सहा वर्षं त्यांनी नांगर धरला नाही. लाकडाच्या मोळ्या विकल्या, खाडीतलं मिळेल ते खाल्लं, पण शेतात पाऊल टाकलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि पुढे खोतीविरुद्धचं विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. जगात इतका दीर्घ चाललेला शेतकऱ्यांचा संप दुसरा सापडणं अवघड. आमच्याकडे त्याची आठवण पराक्रम म्हणून सांगत नाहीत, भूक म्हणून सांगतात. चरीला दिलेल्या आपल्या आत्येच्या माहेरपणाची गोष्ट आजीने मला कितीदा सांगितली असेल. आत्या आली की पहिला दिवस नुसती जेवायची. कुणी तिला काही विचारायचं नाही, असा घरचा दंडक होता.

त्या उपाशी वर्षांतून कूळकायद्याची वाट निघाली आणि ती येऊन पोचली १ एप्रिल १९५७ ला. कायद्याने तो ‘कृषक दिन’ ठरवला. त्या दिवसापासून कसेल तो मालक. तलाठ्याकडे चकरा, हरकती, कुळाने भरायची किंमत, हे सगळं पुढे वर्षानुवर्षं चाललं, पण आजाचं नाव सातबाऱ्यावर चढलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने उतारा घरी आणला आणि शाळेत जाणाऱ्या थोरल्या चुलत्याला नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. मग तो कागद पत्र्याच्या पेटीत आजीच्या लुगड्याच्या घडीत गेला.

त्याच १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, एकतीस वर्षांचे वकील दि. बा. पाटील पनवेलमधून पहिल्यांदा विधानसभेत गेले. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. मला ते तसं सोडवत नाही. ज्या साली आगरी-कराडी कुळाचं नाव कागदावर आलं, त्याच साली त्याला कायदा वाचू शकणारा आपला माणूस सभागृहात मिळाला. पुढची पन्नास वर्षं दिबांनी मुख्यतः एकच काम केलं: त्या कागदाची राखण.

तेरा वर्षंच गेली. मुंबईत जागा उरली नव्हती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली. कल्पना उत्तम होती, तिच्यामागे मुंबईबद्दलची कळकळ होती. पण त्या नकाशात आमची गावं म्हणजे रिकामी जागा होती. मार्च १९७० मध्ये ते शहर, म्हणजे नवी मुंबई, उभारायला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात गेली. शेतं गेली, मिठागरं गेली, आणि खाडीवर जगणाऱ्यांच्या वाटाही हळूहळू बुजत गेल्या. ज्यांच्या नावावर जमीन येऊन जेमतेम एक तप उलटलं होतं, त्यांच्या हातात नोटिसा पडल्या. आजा तेव्हा बोलला ते चुलते अजून त्याच्याच आवाजात सांगतात: “खाडीचा पानी आयला तं बांध घालाचा. कागूद आयला तं काय घालाचा?”

दिबांकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, निदान अर्धं. कागदाला कागद घालायचा, आणि तो कमी पडला तर माणसं घालायची. १९७२ पासून ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. सभागृहात ते संपादनाच्या कायद्यावर बोलत आणि गावागावांत तोच कायदा आगरी बोलीत समजावून सांगत. चुलत्यांनी ऐकलेल्या त्या सभांमध्ये घोषणा थोड्या असत, हिशेब जास्त. एका एकरात भात किती, मीठ किती, वर्षाचं पोट किती भरतं, आणि सरकार देतंय त्या पैशात ते किती वर्षं भरेल. कंदिलाच्या उजेडात माणसं बोटांवर गणित करत बसायची. पुढारी बोलून गेल्यावर लोकांच्या मनात राग उरतो. दिबा गेल्यावर आकडा उरायचा, आणि आकडा घेऊन माणूस जास्त दिवस लढू शकतो.

१९८४ चा आकडा होता एकरी ४० हजार. न्हावा-शेवा बंदरासाठी आणि सिडकोसाठी उरलेली जमीन हवी होती, सरकार २७ हजारांवर अडून होतं. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. जानेवारीत खारपट्ट्यात भातकापणी होऊन गेलेली असते आणि मिठागरांत कामाला जोर आलेला असतो. कोंड्यांतलं पाणी आटत जातं, पांढरी साय धरते, ऊन चढायच्या आत मीठ ओढून बांधावर आणायचं असतं. ती कामं टाकून लोक निघाले. आजी त्यात होती. रस्त्यावर पोलीस होते, म्हणून बाया बांधाबांधाने आणि पुढे खाडीच्या चिखलातून गेल्या. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, डोक्यावर भाकरी बांधलेलं फडकं, कडेवर पोर असेल तर तेही. ती सांगायची, चिखलात पाय रुतला की पुढचीने हात द्यायचा आणि मागचीने ढकलायचं, तोंडाने कुणी काही बोलत नव्हतं.

१६ तारखेला दास्तान फाट्यावर लाठ्या चालल्या, अश्रुधूर झाला, मग गोळीबार. धुतूमचे रघुनाथ ठाकूर आणि चिर्ल्याचे नामदेव घरत हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, नवघरला पुन्हा गोळीबार. पागोट्याचे कमळाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील गेले. पाच माणसं, दोन दिवसांत. हे सगळे भूमिपुत्र आपल्याच जमिनीचा भाव मागत होते, ती अडवूनही धरत नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण प्रकल्पाला विरोध करणारे अडाणी शेतकरी हे चित्र शहरात फार लवकर तयार होतं. न्हावा-शेव्याचं बंदर देशाला हवं आहे हे दिबांना मान्य होतं. ज्याची जमीन त्यात जाते तो उद्या त्याच बंदराच्या कुंपणाबाहेर मजुरीला उभा राहता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आजी परत आली ती रात्री. तिच्या हातात दुसऱ्याच कुणाच्या तरी पायातली एक चप्पल होती. गर्दीत पळताना एका मुलीला तिने ओढून बांधाआड घेतलं होतं, तिची ती चप्पल. ती मुलगी कुठल्या गावची हे पुढे कधी कळलं नाही.

त्या वर्षाच्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत एक कुलाबा होता, आणि तिथून दिबा निवडून आले. दुसरीकडे मुंबईत गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत जिंकले. खाडीच्या अलीकडे शेतकरी आणि पलीकडे गिरणी कामगार, दोघांच्याही पायाखालची जमीन त्याच वर्षांत सरकत होती, आणि दोघांनीही देशभराच्या लाटेत आपलं मत वेगळं ठेवलं. राज्यातल्या निकालांच्या यादीत ती एक ओळ आहे. आमच्याकडे त्या निकालाच्या रात्री घरोघर दिवे लावले होते.

पाच जणांच्या रक्ताने फक्त भाव वाढला असता तर ती गोष्ट तिथेच संपली असती. रोख पैसा किती दिवस पुरतो हे खारपट्ट्याने पाहिलं होतं: लग्नं, हळदी, एखादी मोटारसायकल, आणि संपलं. दिबांनी पुढे धरलेली मागणी निराळी होती. जमीन घेता ना, मग ती विकसित झाल्यावर तिच्यातला एक हिस्सा मूळ मालकाला परत द्या. भाव आजचा, पण वाटा उद्याचा. १९९० च्या आणि पुढे १९९४ च्या शासन निर्णयांनी साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना उभी राहिली. ‘साडेबारा’ हा आमच्याकडे आता बोलीतला शब्द आहे. ‘तुमचा साडेबारा निघाला का?’ असं लग्नात भेटलेले पाहुणे विचारतात, तब्येत विचारावी तसं.

चुलत्यांनी मला तो हिशेब एकदा लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडून दाखवला. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात, राहिले पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे, साधारण ३५० चौरस मीटर. त्यावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक. “चाळीसचे साडेतीन,” ते म्हणाले, “पण हे साडेतीन मोकळ्या हाताने कुणी दिलेले नाहीत.” पत्रिका त्यांनी उलटी करून खिशात ठेवली.

भूसंपादनात भरपाई म्हणजे अधिसूचनेच्या दिवशीची किंमत, असाच कायद्याचा आधार होता. पुढे त्या जागेची किंमत शंभरपट झाली तर तो फायदा ज्याने घेतली त्याचा. दिबांनी या समजुतीला हात घातला. शेतकऱ्याला त्यांनी विक्रेत्याच्या जागेवरून भागीदाराच्या जागेवर आणलं. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीपैकी २० टक्के मूळ मालकांसाठी राखण्याची तरतूद आली. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी पॅकेज साडेबावीस टक्क्यांपर्यंत पोचलं. या तरतुदींमागचा विचार जासईच्या या वकिलाने आमच्या खारपट्ट्यात खूप आधी लढून मान्य करून घेतला होता. मंत्रिपद कधीही न भोगलेल्या विरोधी पक्षातल्या माणसाने सरकारकडून असं काही मिळवणं, ही माझ्या मते महाराष्ट्राच्या संसदीय राजकारणातली फार मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल लिहिलं फार कमी गेलं.

ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्यांचं काय झालं, हेही याच गोष्टीत सांगायला हवं. मिठागरात पिढ्यान्‌पिढ्या राबलेला मजूर, खाडीत पाग टाकणारा कोळी, डोंगरातला कातकरी, यांना साडेबारा नाही, कारण टक्केवारी काढायला मुळात काही कागदावर हवं. बंदरासाठी उठवलेलं जुनं शेवा कोळीवाडा गाव उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं, आणि तिथल्या घरांना वाळवीने ग्रासलं. चौकटी, वासे, कपाटातले कपडे, शाळेची दप्तरं, सगळं पोखरलं गेलं आणि माणसं वर्षानुवर्षं दुसऱ्या पुनर्वसनाची वाट पाहत राहिली. ज्यांना भूखंड मिळाले त्यांतल्याही अनेकांनी ते बिल्डरला दिले. घर वाढलं, जागा वाढली नाही, म्हणून गावठाणाबाहेर ‘गरजेपोटी’ घरं बांधली गेली, आणि आपल्याच गावात आपलं घर अनधिकृत ठरल्याची नोटीस पुन्हा त्याच दारात आली. साडेबाराच्या मागणीत या सगळ्याचं उत्तर नव्हतं. तरी ती मागणी नसती तर या किनाऱ्यावर भूमिपुत्र म्हणवून घेणारं कुणी उरलं असतं का, हा प्रश्न मला जास्त गंभीर वाटतो.

उतारवयात १९९९ मध्ये दिबा शिवसेनेत गेले आणि लोकसभेची निवडणूक हरले. लाल बावट्याखाली घडलेल्या आमच्या चुलत्यांना ते फार लागलं. त्यांनी दिबांना मत दिलं की नाही हे मी विचारलेलं नाही. पण वाळूचा ट्रक, न्हावा-शेवा बंदरातली भरती, साडेबाराची फाईल, काहीही अडलं की पनवेलला दिबांकडे जायचं, हे मात्र पक्ष बदलल्यावरही बदललं नाही. २४ जून २०१३ रोजी ते गेले.

आठ वर्षांनी त्यांच्या नावासाठी माणसं पुन्हा रस्त्यावर उतरली. १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली, आणि त्यांच्या स्मृतिदिनी, २४ जूनला, सिडको भवनावर मोठा मोर्चा गेला. विमानतळाला दिबांचं नाव द्या, एवढीच मागणी. २०२२ मध्ये राज्य सरकारने आणि विधिमंडळाने ती मान्य करून प्रस्ताव केंद्राकडे पाठवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्‌घाटन झालं. ज्या मुलांनी दिबांना कधी पाहिलंही नव्हतं, ती २०२१ च्या त्या साखळीत उभी होती. बाहेरच्यांना वाटलं हा नावाचा हट्ट आहे. दहा गावं उठून, उलवेचा डोंगर सपाट होऊन, नदीचा प्रवाह वळवून जी धावपट्टी तयार झाली, तिच्यावर एका तरी माणसाचं नाव आपलं असावं, असं वाटणं मला तरी पूर्ण रास्त वाटतं.

आता आणखी एक नवनगर येतं आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. २१.८ किलोमीटरचा तो पूल शिवडीहून निघून जासईच्या शेजारी चिर्ले इथे उतरतो. त्या पाठोपाठ उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आलं. हरकतींचे अर्ज लिहायला आमच्या भागात देवळांत सभा भरू लागल्या. अशा एका सभेत मी अर्ज लिहायला बसलो होतो. शेतकरी सांगत होते, साडेबारा नको, साडेबावीसही नको, आधी आमच्याशी बोला. मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी उठली. तिचा नवरा जन्मभर मिठागरात राबलेला, नावावर गुंठाभरही नाही. तिने विचारलं, “आमचा नाव कन्च्या कागदावर हाय? आमचा टक्का कंचा?” कुणाला उत्तर देता येईना. सभेच्या अध्यक्षस्थानी चुलते होते. त्यांनी मला खूण केली आणि म्हणाले, “लिही. भूमिहीन मीठ कामगार आणि मच्छीमार यांचा हिस्सा. पहिला मुद्दा म्हणून लिही, शेवटचा नको.” वर दोन ओळींची जागा सोडली होती, तिथे मी तो मुद्दा लिहिला आणि बाकीचे आकडे पुढे सरकवले.